इसाईची ओटी

तमाम संबंधितांना, आणि त्यातही अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या ज्या सोशिक मित्रमैत्रिणींनी माझा ‘काकू आणि बूट’ हा किस्सा गणपतीच्या जेवणांत, बारशांत आणि एकदा तर चक्क शोकसभेत ऐकून घेतला आहे त्यांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की मी तुम्हाला फसवलं आहे. किस्सा खरा आहे. काकू खऱ्या, बूटही खरे. पण मी तो जिथे संपवते तिथे तो संपत नाही. पुढे एक वाक्य आहे. ते मी पंचवीसेक वर्षं गिळून बसले, कारण ते ज्यांच्या तोंडून निघालं त्या हयात होत्या. आता नाहीत. तेव्हा नीट बसा. पाणी-बिणी हवं असेल तर आत्ताच घेऊन या.

गेल्या महिन्यात मी त्या देवळात पुन्हा गेले. देऊळ न्यूयॉर्कमध्ये आहे, एका थोरल्या म्युझियमच्या पोटात, आणि ते इजिप्तचं आहे, अस्सल, दोन हजार वर्षांचं. नाईल नदीवर धरण झालं तेव्हा ते बुडित क्षेत्रात येत होतं. मग त्याचा एकेक दगड उतरवला, त्यावर आकडे घातले, पेट्यांत भरून समुद्रापार आणला आणि इथे जसाच्या तसा रचला. आपल्याकडे धरणं काही कमी झाली नाहीत, पण धरणग्रस्ताचं इतकं देखणं पुनर्वसन मी दुसरं पाहिलेलं नाही. शिवाय ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहावं लागलं नाही ते वेगळंच.

दारात बॅग तपासणाऱ्या माणसाने माझ्या पर्समधून एक हिरवा खण बाहेर काढला, उलगडला, उजेडाकडे धरला आणि ‘ब्यूटिफुल’ म्हणून परत ठेवला. इतक्या वर्षांच्या घडीने त्यावर पांढरट रेघ पडली आहे. त्याला डांबराच्या गोळ्यांचा आणि काकूंच्या ट्रंकेचा वास येतो. सोबत माझी लेक सई होती. ती याच शहरात शिकते, आणि आईबरोबर चारचौघांत जायचं म्हटलं की चार पावलं पुढे चालते.

“आई, प्लीज. तू शूज काढणार नाहीयेस.”

“नाही.”

“प्रॉमिस?”

“अगं, तो तुझ्या आजीचा प्रयोग होता. मी दुसऱ्यांचे प्रयोग करत नाही.”

आत तो मोठा दिवाणखाना तसाच होता. एका बाजूला उतरती काचेची भिंत, तिच्यापलीकडे पार्कातली झाडं, मध्ये उथळ काळसर पाणी, आणि पाण्यापल्याड चौथऱ्यावर वाळूच्या रंगाची कमान आणि देऊळ. शाळेची सहल आली होती, बुटांची चरचर घुमत होती. वास मात्र कशाचाच नव्हता. देऊळ असून तेल नाही, वटवाघूळ नाही, कालच्या फुलांचा तो कुजका गोड दर्प नाही. मी दोनदा नाक वर करून हुंगलं. सई म्हणाली, “व्हॉट आर यू डुइंग?” मी बाकावर बसले, खण मांडीवर घेतला आणि मला भलतेच वास यायला लागले.

पहिला आला शेणाचा. आम्ही पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला शिकत होतो. डोंगरांच्या मधली वाटी आणि वाटीत युनिव्हर्सिटी. वारा फिरला की युनिव्हर्सिटीच्या गोठ्यांचा वास सगळ्या गावावर पसरायचा. बाकीचे लोक खिडक्या लावून घ्यायचे आणि आम्ही नागपूर-पुण्याकडची पोरं खिडक्या उघडून छाती भरून तो घ्यायचो. वर मुलींचं अपार्टमेंट, खाली मुलांचं, स्वयंपाक एकत्र, आमच्याकडे वर. जुन्या कार्पेटमध्ये तीन-चार पिढ्यांची फोडणी मुरलेली. मोहरी तडतडली की छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागायचा आणि एकाने त्याच्याखाली उभं राहून टॉवेल हलवायचा, पालखीवर चवरी ढाळावी तसा. बर्फात भिजलेले लोकरीचे हातमोजे हीटरवर वाळत पडलेले असायचे. त्यांना ओल्या मेंढराचा वास यायचा. रविवारी सकाळी फोनकार्डावरची चंदेरी पट्टी नखाने खरवडायची, त्याखालचा नंबर फिरवायचा आणि भारतातल्या घरचा आवाज ऐकायचा. ती चंदेरी भुकटी सोमवारपर्यंत नखात राहायची. ती कार्डं आता मिळत नाहीत. मिळाली तरी त्या नंबरांवर उचलायला कोणी उरलेलं नाही.

सुधीर खालच्या मजल्यावर राहायचा. कृष्णाकाठच्या गावचा, हसरा, आणि आमच्यात पोळ्या गोल लाटणारा एकमेव पुरुष. तोच पुढे माझा नवरा झाला, पण ते नाटक वेगळं आणि त्याचं तिकीटही वेगळं.

फोन आमच्या स्वयंपाकघरात होता, म्हणून तो मी उचलला. आम्हाला अमेरिकेत येऊन तीन आठवडे झाले होते. कुकरची दुसरी शिट्टी नुकतीच झाली होती. “सुधीरला बोलाव, बाळ,” एवढंच त्याचे वडील म्हणाले. तिसरी शिट्टी झाली तेव्हा सुधीर फोनवर होता. चौथी झाली, पाचवी झाली. शेगडी बंद करायची असते हे आम्हा कुणाला सुचलं नाही. भात तळाला लागला, आणि त्या जळक्या भाताचा वास आम्ही ते घर सोडेपर्यंत तिथून गेला नाही, निदान माझ्यापुरता तरी.

सुधीरचा थोरला भाऊ, श्रीकांत, नदीवर गेला होता. घाटाच्या पायरीवर त्याच्या चपला सापडल्या, जोडून ठेवलेल्या. तो सापडला नाही. होड्या हिंडल्या, माणसं काठाकाठाने दोन-तीन गावं खाली जाऊन आली. का गेला होता, कुणाबरोबर, पाणी किती होतं, यातलं मी काही सांगणार नाही. मलाही कुणी नीट सांगितलेलं नाही. सुधीर घरी गेला नाही. त्याचं कारण विचारू नका, तो स्वतःलाच विचारून थकलाय.

सापडला नाही म्हणजे गेला नाही, हा काकूंचा, सुधीरच्या आईचा, न्याय होता. “‘जाऊन येतो’ म्हणून गेलाय,” त्या म्हणायच्या. “‘जातो’ म्हणाला नाही.” देह मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. गुरुजींनी ते सुचवलं. काकांनी मान डोलावली. काकू म्हणाल्या, “मी आहे तोवर नाही.” श्रीच्या चपला त्यांनी दारात ठेवल्या, बोटं घराकडे करून, माणूस आत शिरताना काढून ठेवतो तशा. दुपारी जेवायला पानं मात्र तीन मांडली जायची.

आणि सुधीरने भावाचं नाव घेणं सोडलं. पोळ्या लाटायचा, भांडी घासायचा, लॅबमध्ये जायचा. श्री हा एवढासा शब्द तो टाळायचा. माझ्या एका मैत्रिणीचं नाव श्रीया होतं, तिलाही तो ‘अगं’ म्हणायला लागला.

दर रविवारी काकूंचा प्रश्न ठरलेला. सुधीर दोन वाक्यं बोलून रिसीव्हर माझ्या हातात द्यायचा आणि टेबलाशी बसून राहायचा.

“सुधीर देवळात जातो का गं?”

आता देऊळ म्हणाल तर आसपास एक नव्हतं. आणि सुधीर म्हणाल तर लॅबच्या पलीकडे कुठेच जात नव्हता. माझी नजर फ्रिजवर गेली. तिथे कुणीतरी न्यूयॉर्कहून आणलेलं पोस्टकार्ड चिकटवलेलं होतं, त्यावर एक दगडी देऊळ आणि खाली नाव, टेंपल ऑफ इसिस. हल्ली हे नाव मोठ्याने उच्चारायची सोय राहिली नाही, पण तेव्हा ती बिचारी नुसती देवी होती.

“जातो की, काकू. दर सोमवारी. आम्ही सगळेच जातो. मोठं दगडी देऊळ आहे. पुढे दोन खांब, समोर कमान.”

“कुणाचं?”

“देवीचं.”

“कुठली देवी?”

“इसाई.”

“ख्रिश्चनांची?”

“नाही हो. यमाई, तुकाई, तशी इसाई.”

“जागृत आहे का?”

“फारच.”

टेबलाशी काहीतरी वाजलं. मी वळून पाहिलं तर सुधीर हसत होता. कपाळ टेबलावर टेकवून, खांदे हलवत, आवाज न करता. तो फोन आल्यापासून पहिल्यांदा. म्हणून मी थांबले नाही. हे माझं एकमेव समर्थन आहे आणि ते मी कुठल्याही कोर्टात देईन. पुढच्या रविवारी मी इसाईला पालखी दिली. त्याच्या पुढच्या रविवारी जत्रा भरवली, मग काकडआरती, मग एक तिरसट पुजारी, जो प्रसादाला हात पुढे केला की आधी नखं बघतो. सुधीर दर रविवारी ऐकायला बसायचा. काही वेळा कानात कुजबुजून भरही घालायचा. देवीचं वाहन मगर आहे, ही त्याची भर.

मग एका रविवारी काकूंनी विचारलं, “तिला सांगितलंस का श्रीचं?”

मी फोनची वायर बोटाला गुंडाळायला लागले.

“सांग तिला,” काकू म्हणाल्या. “इथले सगळे विचारून झालेत. हिला अजून कुणी विचारलेलं नाही.”

त्या दिवसापासून आमचा खेळ बंद झाला. पण देवी बंद करता येईना. काकूंच्या रोजच्या पूजेत, टाकांच्या शेजारी, एक सुपारी इसाईची बसली. हे काकांनी सांगितलं, कौतुकाने.

दोनेक वर्षांनी सुधीरच्या पदवीदानाला काकू आल्या. एकट्याच. “ते कसे येतील? घरी कुणीतरी हवं ना,” त्या म्हणाल्या, “तो आला तर.” बोलता बोलता त्या सहज पिशवी उपसत होत्या. मेतकूट, सांडगे, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ओटीचं सामान. हिरवा खण, हळकुंड, सुपारी, तांदळाची पुरचुंडी. नारळ विमानतळावर काढून घेतला होता आणि त्याचा त्यांना राग होता. मी चिनी दुकानातून नारळ आणला. तो सोललेला, गुळगुळीत.

काकूंनी तो हातात फिरवला. “याला शेंडी नाही.”

“इथे असेच मिळतात, काकू.”

“मुंज राहिलीय वाटतं बिचाऱ्याची. असू दे. चल, कधी निघायचं?”

“कुठे?”

“इसाईला.”

मी म्हटलं, नवस पुरा झाल्यावर ओटी भरतात ना? काकू म्हणाल्या, “मान आधी दिला की माणसाला काम टाळता येत नाही. देवीला तर त्याहून नाही.”

बसमध्ये आम्ही तिघं. पाच फुटांच्या काकू, सुती सहावारी, वर सुधीरचा युनिव्हर्सिटीचा निळा स्वेटशर्ट, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज आणि आत अंगठ्याचे मोजे. मांडीवर पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. बाहेर डोंगर, मग शेतं, मग गोदामं. तीन तास झाल्यावर त्या म्हणाल्या, “दर सोमवारी एवढं लांब येता?”

“कधी कधी मंगळवारी,” मी म्हटलं.

“हं.”

न्यूयॉर्कला उतरल्यावर मी एका पोलिसाला पत्ता विचारला. काकू शेजारी उभ्या होत्या.

“दर सोमवारी येतेस आणि रस्ता विचारतेस.”

“काकू, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“नको सांगूस. मला पालखीलाच कळलं. अमेरिकेत पालखी, म्हणे. देऊळ आहे ना पण?”

“आहे.”

“देवी आहे ना?”

“आहे.”

“मग चल. खोट्याचं पाप तुझं, ओटी माझी.”

खरं सांगायचं तर ते देऊळ मीही त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होते. आणि पोस्टकार्डावर पाणी नव्हतं. फोटो पाण्याच्या वरून कापला होता. आम्ही दिवाणखान्यात शिरलो तर समोर ते काळं पाणी, इकडून तिकडे पसरलेलं, आणि देवळाकडे जायचं तर त्याच्या काठाने जायला हवं. काकू जागच्या जागी थांबल्या. गावी पुलावरून एसटी जायची तेव्हाही त्या पदर डोळ्यांवर ओढून घ्यायच्या, हे सुधीरने मला सांगितलं होतं.

“नदीवर आहे हे नाही सांगितलंस.”

“नदी नाहीये हो, काकू. हौद आहे.”

“नदीसारखा केलाय.” त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग खाली वाकल्या, नाडी सोडली, शूज काढले आणि पाण्याच्या काठाशी नीट जोडून ठेवले.

आता इथे तुमच्या ओळखीचा भाग येतो. पहारेकरी आला. धिप्पाड, काळा कोट, भारदस्त आवाज. “मॅम. शूज.” काकूंनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, “चपला सांभाळणारा दिसतोय. चांगली सोय आहे.” शूज उचलून त्याच्या हातात दिले. त्याने घेतले, कारण एवढ्याशा बाईने एवढ्या खात्रीने दिलेली वस्तू कुणीही घेईल. मग काकूंनी तळवा पुढे केला.

“टोकन?”

पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिलं, त्या अंगठ्याच्या मोज्यांकडे पाहिलं, खणाच्या पिशवीकडे पाहिलं. काय समजला देव जाणे. त्याने खिशात हात घातला, खाली जमा केलेल्या स्वतःच्या रेनकोटाचा आकड्याचा बिल्ला काढला आणि वाकून त्यांच्या तळव्यावर ठेवला. “यू टेक युअर टाइम, मॅम,” तो म्हणाला. काकू म्हणाल्या, “भला माणूस आहे. आपल्याकडच्यासारखा खेकसला नाही.”

इथे मी थांबते, दरवेळी. लोक हसतात, कुणीतरी डोळे पुसतं, कुणीतरी आमरस वाढतं. सुधीर हा किस्सा सुरू झाला की उठून भांडी आवरायला जातो, आणि पाहुण्यांना वाटतं, किती कामसू नवरा.

कारण मी हे सांगत नाही की ते शूज काठाशी जोडून ठेवलेले दिसले तेव्हा सुधीरच्या तोंडाचा रंग उडाला होता. तो चार पावलं मागे होता. धावत आला, पहारेकऱ्याच्या हातातून शूज ओढून घेतले आणि पोटाशी धरून उभा राहिला. पुढचा सगळा वेळ, देवळाच्या आत आणि बाहेर, तो आईचे शूज कवटाळून हिंडत होता. पहारेकऱ्याचा बिल्ला काकूंच्या मुठीत, आणि शूज सुधीरच्या. कुणी कुणाला काही मागितलं नाही.

आत जेवढं जाता येत होतं तेवढं आम्ही गेलो. भिंतीवर देवांच्या रांगा, राजा वाकून काही देतो आहे, देवी उभी आहे. मधेच कुणा जुन्या गोऱ्या प्रवाशांनी आपापली नावं कोरून ठेवलेली. काकूंनी त्यावरून बोट फिरवलं. “इथेही लिहितात,” म्हणाल्या. मग गाभाऱ्याच्या अंधारात डोकावल्या.

“मूर्ती कुठंय?”

“मूर्ती नाहीये, काकू.”

“चोरीला गेली?”

“माहीत नाही.”

त्यांनी पिशवी उघडली होती. खण अर्धा बाहेर आला होता. त्या इकडे तिकडे जागा शोधत होत्या, पाटावर देवी नसली तर निदान पाट तरी हवा. तेवढ्यात एक म्हातारी गाइड बाई घोळका घेऊन आली. गळ्यात मोत्यांची माळ, हळू स्पष्ट बोलणारी. ती देवळाची गोष्ट सांगायला लागली आणि काकूंनी माझी बाही ओढली. “काय म्हणते? सांग.”

मी ऐकलं. आणि मी, जिने पोस्टकार्डावरून जत्रा उभी केली होती, मी म्हटलं, “काही नाही, काकू. जुनं आहे म्हणते.”

“एवढा वेळ जुनं आहे, जुनं आहे, म्हणते?”

तेव्हा सुधीर पुढे आला. शूज पोटाशी धरून त्याने आईला सगळं सांगितलं, एकेक वाक्य, न अडखळता. सांगताना तो एकदा ‘श्री’ म्हणाला. “श्रीसारखे,” म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा. आणि काकूंनी ऐकून घेतलं आणि काहीतरी विचारलं, इतक्या मोठ्याने की गाइड बाई मधेच थांबली आणि सगळा घोळका वळला.

ते सांगते. जरा धीर धरा.

ओटी भरली गेली नाही. काकूंनी खणाची घडी घातली, पिशवीत ठेवला, बिल्ला परत केला, बाकावर बसून सुधीरकडून घेऊन शूज घातले. नाडी त्याने बांधली. परतीच्या बसमध्ये आम्ही तो मुंज न झालेला नारळ फोडून खाल्ला, गुळाबरोबर. खवट होता.

पुढे लायब्ररीत मी त्या देवीबद्दल वाचलं. थट्टेत धरलेली देवी नेमकी तीच निघाली होती, हे मला तेव्हा कळलं. तुकडे करून फेकलेलं नवऱ्याचं प्रेत शोधत ही बाई नदीकाठाने सगळा देश हिंडली होती. तुकड्यातुकड्याने तिने ते गोळा केलं, आणि एक तुकडा माशांनी खाल्ला तो तेवढा मिळाला नाही. हे मी काकूंना सांगितलं नाही. लग्नानंतरही नाही. त्या माझ्या सासूबाई झाल्या तरी तोंडात काकूच राहिलं, आणि मनात ती माशांची गोष्ट.

काका घर राखत राखत गेले. त्यानंतर पानं दोनच मांडायच्या काकू, एक स्वतःचं आणि एक श्रीचं. आम्ही जायचो तेव्हा दारातल्या चपलांना न ओलांडता आत शिरायचो. त्यांचं चामडं वाळून पापडासारखं झालं होतं. काकू त्यांना तेल लावायच्या. अमेरिकेला चला म्हटलं की ठरलेलं उत्तर, घरी कुणीतरी हवं ना.

या वर्षी थंडीत त्या गेल्या. सुधीर गावी पोचला होता. गुरुजींनी विचारलं, थोरल्यांचं करायचं राहिलंय ना, तेही करून घ्यायचं का? मी आहे तोवर नाही, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि आता त्या नव्हत्या. सुधीरने आधी आईला अग्नी दिला, आणि मग काही दिवसांनी पळसाच्या पानांच्या भावाला. दोघांच्या राखा एकाच नदीत. फोनवर त्याने मला एवढंच सांगितलं की पानं ओली होती, लवकर पेटेनात. चपलांचं काय केलं ते मी विचारलं नाही. ट्रंकेच्या तळाशी त्याला हा खण मिळाला, त्याच वर्तमानपत्रात. तो त्याने कॅरीला आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवला. “तू जा,” म्हणाला. “मी येणार नाही.” मार्चमध्ये आमच्याकडे पाइनचा पिवळा पराग सगळ्या गाड्यांवर साचतो. तो खिडकीशी उभा राहून काचेवरच्या त्या पिवळ्या थरात बोटाने रेघा ओढत होता.

म्हणून मी आले होते. सई फोनवर काही बघत होती. मी उठले, देवळाच्या उंबरठ्यापाशी गेले, खण दगडावर ठेवला, हात जोडले आणि मागे न बघता परत फिरले. पाण्याच्या काठापर्यंत पोचले असेन.

“मॅम? मॅम, यू फरगॉट धिस.”

नवा पहारेकरी, कोवळा, सौजन्याने भरलेला. माझ्या हातात खण. मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

सईने हे सगळं पाहिलं होतं. ती आली, माझ्याशेजारी बाकावर बसली, आणि खणाचं टोक हातात घेऊन म्हणाली, “आई, ती स्टोरी, आजीचे शूज अँड ऑल. तुम्ही मग आत गेलात. देन व्हॉट?”

मग मी तिला सांगितलं. गाइड बाई सांगत होती की हे देऊळ देवीचं आहे, आणि दोन भावांचंही. तिथल्या एका सरदाराची दोन मुलं, नदीत बुडाली. नदीने नेलं त्याला ते लोक देव मानत. म्हणून त्यांच्यासाठी हे देऊळ बांधलं, आणि मूळ जागी मागच्या डोंगरात एक खोली कोरलेली होती, तिथे त्यांना पुरलं असावं म्हणतात. हे सगळं तुझ्या बाबाने आजीला जसंच्या तसं सांगितलं. ते श्रीसारखे, आई, म्हणाला. आजी त्याच्या तोंडाकडे बघत होती. शूजकडे नाही, देवळाकडे नाही, त्याच्याकडे. आणि मग त्या घुमणाऱ्या दिवाणखान्यात, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, तिने विचारलं:

“दोघंही सापडले?”